पेन्शन तीन, करमुक्त रक्कम एकच : ब्रिटनमधला आपला टॅक्स कोड घरच्या घरी कसा तपासायचा

काकूंच्या स्वयंपाकघरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं नसतात, तपकिरी पाकिटं असतात. करखात्याची, पेन्शन कंपन्यांची, न उघडलेलीसुद्धा. २०२५ च्या जुलैत त्यांनी तो डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "मार्चपर्यंत हॉस्पिटलच्या पेन्शनमधून महिन्याला ७८ पौंड कापत होते. एप्रिलपासून १४० कापतायत. मी नवीन असं काय कमावलं रे?"

नवीन काहीच कमावलं नव्हतं. पेन्शन चालवणारी कंपनी बदलली, काकूंची नोंद नव्याने झाली आणि त्या गडबडीत त्यांचा टॅक्स कोड, म्हणजे पेन्शनमधून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणारा आकडा-अक्षरांचा संकेत, चुकीचा लागला. काकूंना तीन ठिकाणहून पैसे येतात. सरकारची स्टेट पेन्शन, हॉस्पिटलच्या लॅबमधल्या नोकरीची पेन्शन, आणि त्याआधी एका कारखान्याच्या ऑफिसात काही वर्षं काम केलं त्याची छोटीशी पेन्शन. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आलेल्या आपल्या कितीतरी लोकांची हीच स्थिती आहे, आणि कोडची भाषा कुणी समजावून न सांगितल्यामुळे बरेच जण वर्षानुवर्षं कमी किंवा जास्त कर भरत राहतात. खालची पद्धत मी काकूंच्या टेबलावर बसून वापरली तीच आहे. सगळे आकडे २०२५-२६ या करवर्षाचे, म्हणजे ६ एप्रिल २०२५ ते ५ एप्रिल २०२६ या काळातले.

आधी मूळ गोष्ट

ब्रिटनमध्ये जवळपास प्रत्येकाला वर्षाला १२,५७० पौंड उत्पन्नावर कर नाही. याला पर्सनल अलाउन्स म्हणतात. पेन्शन एक असो की चार, ही रक्कम माणसामागे एकच. एक भाकरी तिघांत वाटावी तसं ते आहे. एकाला चतकोर दिली की बाकीच्यांच्या वाट्याला उरलेलीच येणार.

घोळ होतो तो स्टेट पेन्शनमुळे. ती करपात्र आहे, पण ती देणारं खातं तिच्यातून कर कापत नाही. पूर्ण रक्कम बँकेत येते आणि माणसाला वाटतं, ही करमुक्तच असणार. ती नसते. करखातं म्हणजे एचएमआरसी, आधी १२,५७० मधून तुमची स्टेट पेन्शन वजा करतं आणि उरलेली रक्कम दुसऱ्या एखाद्या पेन्शनला करमुक्त म्हणून देतं. स्टेट पेन्शनवरचा कर अशा रीतीने दुसऱ्या पेन्शनमधून कापला जातो. "माझ्या एवढ्याशा पेन्शनवर इतका कर कसा?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

दर एप्रिलला कर थोडा वाढतो, त्याचंही कारण हेच. १२,५७० हा आकडा २०२१-२२ पासून हललेला नाही. स्टेट पेन्शन मात्र दरवर्षी वाढते. पूर्ण नवी स्टेट पेन्शन (एप्रिल २०१६ पासून पेन्शनच्या वयाला पोहोचलेल्यांची) २०२१-२२ मध्ये आठवड्याला १७९.६० पौंड होती, २०२५-२६ मध्ये ती २३०.२५ झाली. वर्षाचे ११,९७३. म्हणजे पूर्ण स्टेट पेन्शन घेणाऱ्याला बाकीच्या पेन्शनसाठी सहाशे पौंडही करमुक्त उरत नाहीत. २०२१-२२ मध्ये तीन हजारांवर उरत होते.

पायरी पहिली : वर्षाचे आकडे काढा

एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक पेन्शनची कर कापण्याआधीची वर्षाची रक्कम लिहा. खासगी आणि नोकरीच्या पेन्शनचा आकडा पे-स्लिपवर किंवा मे अखेरपर्यंत येणाऱ्या पी६० वर, म्हणजे वर्षभराची रक्कम आणि कापलेला कर दाखवणाऱ्या कागदावर, असतो. स्टेट पेन्शनचा पी६० येत नाही. वर्षाच्या सुरुवातीला, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, नव्या दराचं पत्र येतं. ते जपून ठेवा.

इथे एक चूक हमखास होते. स्टेट पेन्शन बहुतेकांना दर चार आठवड्यांनी मिळते, दर महिन्याला नाही. काकूंच्या खात्यात दर वेळी ७२० पौंड येतात. त्यांनी ७२० ला १२ ने गुणलं आणि ८,६४० लिहिलं. पण वर्षात चार आठवड्यांचे १३ हप्ते होतात. ७२० गुणिले १३, म्हणजे ९,३६०. आठवड्याचा दर १८०, त्याला ५२ ने गुणलं तरी तेवढेच. बारा की तेरा, एवढ्यावर ७२० पौंडांचा फरक पडला, आणि त्या फरकामुळे पुढचं काहीच जुळेना.

काकूंचा कागद शेवटी असा झाला. स्टेट पेन्शन ९,३६०. हॉस्पिटल ८,४००, महिन्याला ७००. कारखाना ३,०००, महिन्याला २५०. एकूण २०,७६०. त्यातून १२,५७० वजा केले की ८,१९० उरतात, त्यावर २० टक्के म्हणजे १,६३८ पौंड. वर्षभरात कापला जायला हवा तो एवढाच कर. पेन्शनवर नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेसाठी पगारातून होणारी कपात, लागत नाही, तेव्हा स्लिपवर तशी कपात दिसली तर लगेच विचारा.

पायरी दुसरी : प्रत्येक पेन्शनचा कोड शोधा आणि वाचा

कोड पेन्शनच्या स्लिपवर असतो. एचएमआरसीच्या कोडिंग नोटिशीत, म्हणजे पी२ मध्ये, तो कसा काढला हेही असतं. नव्या वर्षाची नोटीस साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. ऑनलाइन पर्सनल टॅक्स अकाउंटवर किंवा एचएमआरसीच्या ॲपमध्ये ती कधीही दिसते.

आकडा आणि अक्षर असा कोड असेल तर आकड्याच्या शेवटी शून्य लावा. १२५७ एल म्हणजे १२,५७० पौंड करमुक्त. ३२१ एल म्हणजे ३,२१०. नेमका हिशोब शेवटच्या काही पौंडांत किंचित वेगळा असतो, पण तपासायला एवढं पुरतं. एल हे साधं अक्षर. एम असेल तर जोडीदाराने आपल्या करमुक्त रकमेतले १,२६० पौंड तुम्हाला दिलेत, एन असेल तर तुम्ही दिलेत. पुढे एस असेल तर तुम्ही स्कॉटलंडचे करदाते, तिथले दर वेगळे आहेत. सी असेल तर वेल्सचे, आणि तिथले दर सध्या इंग्लंडसारखेच आहेत.

बीआर म्हणजे या पेन्शनला करमुक्त काहीच नाही, पहिल्या पौंडापासून २० टक्के. दुसऱ्या-तिसऱ्या पेन्शनवर बीआर दिसणं ही चूक नव्हे. करमुक्त रक्कम पहिल्या पेन्शनवर वापरली गेली असेल तर बीआर बरोबरच आहे. डी० म्हणजे सगळ्यावर ४० टक्के. तुमचं एकूण उत्पन्न ५०,२७० पौंडांच्या वर जात नसेल आणि तरी डी० दिसला, तर त्याच दिवशी फोन करा. ०टी म्हणजे करमुक्त रक्कम नाही, पण दर टप्प्याटप्प्याने लागतात. कोडच्या शेवटी एम१, डब्ल्यू१ किंवा एक्स असेल तर तो तात्पुरता कोड आहे. त्यात प्रत्येक महिना सुटा धरला जातो, मागचा हिशोब पाहिला जात नाही.

आणि मग के. हे अक्षर पाहून लोक घाबरतात, म्हणून जरा थांबून सांगतो. समजा कुणी स्टेट पेन्शन उशिरा घ्यायला सुरुवात केली, किंवा जुन्या पद्धतीची वाढीव पेन्शन आहे, आणि ती वर्षाला १४,००० होते. १२,५७० मधून १४,००० जात नाहीत, १,४३० कमी पडतात. त्या जास्तीच्या १,४३० वर कर घ्यायचा कुठून? दुसऱ्या पेन्शनमधून. कोड येतो के१४२. दुसरी पेन्शन ६,००० असेल तर कर ६,००० वर नाही, ७,४३० वर लागतो, म्हणजे १,४८६ पौंड. ६,००० वर १,४८६ हे जबर वाटतं, पण यातले २८६ स्टेट पेन्शनचे आहेत. के कोडमुळे कापलेला कर त्या पेन्शनच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही, एवढं संरक्षण कायद्यातच आहे.

पायरी तिसरी : बेरीज जुळते का

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि याला पाच मिनिटं लागतात. सगळ्या पेन्शनच्या कोडमधले करमुक्त आकडे एकत्र करा. बीआर आणि डी० म्हणजे शून्य. के असेल तर तो आकडा वजा. त्यात स्टेट पेन्शनची वर्षाची रक्कम मिळवा. उत्तर १२,५७० च्या आसपास यायला हवं.

काकूंना हवे होते हॉस्पिटलवर ३२१ एल आणि कारखान्यावर बीआर. ३,२१० अधिक शून्य अधिक ९,३६०, बरोबर १२,५७०. प्रत्यक्षात दोन्ही पेन्शनवर बीआर होता. शून्य अधिक शून्य अधिक ९,३६०. म्हणजे ३,२१० पौंडांची करमुक्त रक्कम कुणालाच मिळाली नव्हती, आणि वर्षभर असंच चाललं असतं तर ६४२ पौंड जास्त गेले असते.

बेरीज १२,५७० च्या बरीच वर गेली तर उलटं संकट. हॉस्पिटलवर १२५७ एल आणि कारखान्यावर बीआर असता, तर वर्षात फक्त ६०० पौंड कापले गेले असते आणि १,०३८ बाकी राहिले असते. असा माणूस खूश असतो, कारण हातात जास्त पैसे येतात. वर्ष संपल्यावर पत्र येतं तेव्हा ते पैसे खर्च झालेले असतात. मला खरी काळजी वाटते ती या लोकांची. जास्त कर गेला तर परत मिळतो. कमी गेला तर नातवंडांच्या वाढदिवसासाठी बाजूला ठेवलेलं उचलावं लागतं.

बेरीज थोडी कमी आणि नोटिशीत बँकेच्या व्याजाची ओळ असेल, तर गोंधळू नका. व्याजावरचा करही कोडमधूनच वसूल होतो. मागच्या वर्षाची बाकीही तशीच कोडमध्ये बसवतात, साधारणपणे ३,००० पौंडांच्या आतली असेल तर. ज्यांचं करपात्र उत्पन्न ३५,००० च्या वर आहे, त्यांनी २०२५ च्या हिवाळ्यात घेतलेलं विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे थंडीत घर गरम ठेवण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, २०२६-२७ च्या कोडमधून परत घेतलं जातं. त्याचीही ओळ तिथे दिसेल. नोटिशीतला प्रत्येक आकडा तुमच्या कागदावर आहे का, ते ओळीओळीने पाहा. कुठून आलं हे सांगता येत नाही अशी ओळ दिसली, की बोट तिथेच ठेवायचं.

करमुक्त रक्कम कोणत्या पेन्शनवर बसली आहे?

बेरीज जुळली तरी एक गोष्ट राहते. ३२१ एल हॉस्पिटलऐवजी कारखान्याच्या ३,००० वर बसला असता, तर त्यातले २१० वाया गेले असते. ४२ पौंड. फार नाहीत.

पण दोन छोट्या पेन्शन असतील आणि स्टेट पेन्शन अजून सुरू झाली नसेल, तर हीच चूक महागात पडते. समजा एक पेन्शन ७,०००, दुसरी ४,०००. एकूण ११,०००, म्हणजे कर शून्य असायला हवा. पण पहिलीवर १२५७ एल आणि दुसरीवर बीआर लागतो. दुसरीतून वर्षाला ८०० पौंड जातात, आणि पहिलीवरची साडेपाच हजारांची करमुक्त रक्कम पडून राहते. यावर उपाय आहे. एचएमआरसीला सांगून करमुक्त रक्कम वाटून घेता येते, उदाहरणार्थ ७५७ एल आणि ५०० एल. दोन्ही मिळून १२५७, दोन्ही पेन्शन झाकल्या गेल्या. हे आपोआप होत नाही, मागावं लागतं. माझ्या ओळखीत साठी ओलांडलेल्या आणि सहासष्टच्या आतल्या कितीतरी बायका याच घोळात सापडल्या आहेत.

पायरी चौथी : फोन

पेन्शन देणाऱ्या कंपनीला फोन करू नका. कोड ती ठरवत नाही, एचएमआरसीने पाठवलेला लावते. आकडे ॲपवरून किंवा ऑनलाइन खात्यातून दुरुस्त करता येतात. ते जमत नसेल तर ०३०० २०० ३३००, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. हाताशी ठेवायचं ते : नॅशनल इन्शुरन्स नंबर, प्रत्येक पेन्शनची ताजी स्लिप, स्टेट पेन्शनचं पत्र आणि तुमचा तो कागद.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर मुलगा, सून, शेजारी कुणीही तुमच्या वतीने बोलू शकतं. तुम्ही शेजारी बसायचं, सुरुवातीला स्वतःचं नाव-पत्ता सांगून परवानगी द्यायची. काकूंनी तेच केलं. तक्रारीच्या सुरात सुरुवात करू नका, थेट आकडे सांगा. "माझ्या तीन पेन्शन आहेत, या रकमा अशा, स्टेट पेन्शन वजा जाता ३,२१० करमुक्त उरायला हवेत, ते कुठेच लागलेले नाहीत." पलीकडच्या माणसाने पडद्यावर पाहिलं आणि दहा मिनिटांत काम झालं. रकमा चुकीच्या आहेत असं नुसतं म्हटलं असतं तर तासभर गेला असता. तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव कागदावर लिहून ठेवा.

कोड करवर्षाच्या मध्येच दुरुस्त झाला की बहुतेक वेळा आधी जास्त गेलेलं पुढच्या पेन्शनमध्येच परत येतं. ऑगस्टमध्ये काकूंच्या हॉस्पिटलच्या पेन्शनमधून कर कापला गेला नाहीच, उलट ७०० ऐवजी सुमारे ८२७ पौंड आले. सप्टेंबरपासून महिन्याला ८६ च्या आसपास कर कापला जाऊ लागला.

मागच्या वर्षांतही चूक झाली असेल तर करवर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत परतावा मागता येतो. तुमच्याकडूनच बाकी निघाली तर पी८०० किंवा सिंपल असेसमेंटचं, म्हणजे एचएमआरसीने स्वतः काढलेल्या हिशोबाचं, पत्र येतं. सिंपल असेसमेंटचे पैसे सहसा पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत भरायचे असतात. पत्र आलं म्हणून ते बरोबरच असेल असं धरू नका, वरचीच बेरीज त्यावरही करा. आणि तुम्ही सगळी माहिती वेळेत दिली होती, तरी ती दिली ते करवर्ष संपून बारा महिने उलटल्यावरच बाकी कळवली गेली असं झालं असेल, तर "ए१९ सवलत" हे शब्द उच्चारून बाकी माफ करण्याची मागणी करता येते. ती मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नाहीच. उत्पन्न कमी असेल तर टॅक्स हेल्प फॉर ओल्डर पीपल ही धर्मादाय संस्था फुकट मदत करते. परतावा मिळवून देतो म्हणणाऱ्या आणि त्यातला वाटा घेणाऱ्या कंपन्यांची काही गरज नाही. लिंक पाठवून परतावा देऊ करणारे मेसेज तर उघडूच नका.

एकरकमी पैसे काढताना

पेन्शनच्या साठ्यातून पहिल्यांदा मोठी रक्कम काढली की बहुधा १२५७ एल एम१ लागतो. करखातं समजतं, दर महिन्याला एवढेच मिळणार. करपात्र १०,००० काढले तर त्या एका हप्त्यातून जवळपास २,९५० पौंड कापले जातात. घाबरू नका, ते हिशोबात परत येतात, पण त्याच पैशांवर छपराची दुरुस्ती किंवा भारताची तिकिटं ठरवली असतील तर अडचण होते. थोडेच काढून बाकी ठेवले असतील तर पी५५, सगळा साठा रिकामा केला आणि इतर उत्पन्न आहे तर पी५३झेड, इतर काहीच नसेल तर पी५०झेड हा फॉर्म भरा. शक्य असेल तर आधी एक छोटी रक्कम काढा. मोठी काढेपर्यंत बरोबर कोड येऊन जातो.

भारतातले पैसे

ब्रिटनचे रहिवासी असाल तर भारतातून येणारी पेन्शन आणि व्याजही इथे सांगावं लागतं, आणि त्यासाठी बहुतेकांना सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः भरायचं कर विवरणपत्र, भरावं लागतं. एनआरई खात्याचं (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईचं भारतातलं खातं) व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून इथेही करमुक्त, असा समज आपल्यात घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. ब्रिटनच्या रहिवाशाला ते व्याज इथे करपात्र आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीची किंवा नवऱ्याच्या पश्चात मिळणारी कुटुंब पेन्शन असेल, तर दोन देशांतल्या करारात सरकारी नोकरीच्या पेन्शनचे नियम वेगळे आहेत आणि नागरिकत्वावरही बरंच ठरतं. तिथे मात्र जाणकाराला विचारूनच पुढे जा.

आणि जे पुण्याला किंवा कोल्हापूरला कायमचे परत जाणार आहेत त्यांच्यासाठी. इथली खासगी पेन्शन भारतात घेताना, करारानुसार फॉर्म भरून, तो भारतीय आयकर खात्याकडून प्रमाणित करून एचएमआरसीला दिला, की एनटी कोड मिळू शकतो. मग इथे कर कापला जात नाही, भारतात भरायचा. स्टेट पेन्शनही तिकडे मिळते, पण ती गोठते. ज्या दराने तिकडे गेलात त्याच दरावर राहते, इथल्यासारखी दर एप्रिलला वाढत नाही. काकू दरवर्षी म्हणतात पुढच्या वर्षी सांगलीला जाऊन राहते. या वर्षी त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला, मागच्या बाजूला दोन्ही ठिकाणचा हिशोब मांडला, आणि तो डब्यात सगळ्यात वर ठेवला आहे.